आधी पाणी पिवन बघ!

मालवणला जाऊन आम्ही स्कूबा केलं नाही, बनाना राइड केली नाही, डॉल्फिनही बघितले नाहीत. तीन दिवस मित्रांकडे राहिलो, पेज खाल्ली, जाळं ओढलं आणि एका विहिरीचं पाणी प्यायलो. त्या एका घोटाने आमची एफडी वाचवली.

कुडाळ स्टेशनवर उतरलो तेव्हा नवऱ्याच्या पाठीवर सॅक होती आणि हातात मोबाइल. मोबाइलमध्ये एक्सेल शीट. 'मालवण – ३ दिवस.' शनिवारी साडेनऊला किल्ला, एक वाजता फिश थाळी, तीनला तारकर्ली, साडेपाचला सनसेट. हो, सनसेटलासुद्धा स्लॉट होता! रविवारी अकरा ते एकच्या खान्यात मात्र एकच अक्षर होतं, 'पी'. मी विचारलं नाही. मला माहीत होतं. पी फॉर प्लॉट.

तर झालं असं होतं, की गेले सहा महिने आमच्या ठाण्याच्या वन-बीएचकेमध्ये रात्री दोन वाजता मोबाइलचा उजेड दिसायचा. आधी मला वाटलं ऑफिसचं काम. मग कळलं, साहेब कोकणातले प्लॉट बघतात. 'सी-टच', 'एनए लवकरच', 'चिपी विमानतळ जवळ', 'गोवा हाकेच्या अंतरावर'. वय वर्षं ३१, बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेली, आणि स्वप्न एकच: सगळं सोडून समुद्राकाठी जाऊन राहायचं. तुमच्याही ऑफिसात दर तिसऱ्या क्युबिकलमध्ये हेच स्वप्न पडत असणार, पैज लावते. फरक इतकाच, की याने एजंटला फोनही केला होता. रविवारी साइट बघायची, पटली तर टोकन. टोकन म्हणजे आमच्या एफडीतले दोन लाख. आणि उरलेली एफडी त्यामागोमाग.

मी 'नको' म्हटलं नव्हतं. 'हो'ही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "मालवणला जातोच आहोत तर रूममेटकडे राहू."

एक्सेल शीट कॅन्सल

माझी रूममेट म्हणजे मास कॉमच्या दिवसांतली. दोन वर्षं एका खोलीत काढली, एका मॅगीत दोघी जेवलो. तिचं नाव काहीही असो, मी तिला रूममेटच म्हणते आणि तिचा नवराही आता तेच म्हणतो. हा नवरा मूळचा डोंबिवलीचा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दोघं तिच्या माहेरी मालवणला आले ते तिथलेच झाले. तो घरून अकाउंट्सची कामं करतो, ती दोन खोल्या पाहुण्यांना देते. गावात त्याला सगळे 'डोंबिवलीकर' म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या दृष्टीने हा माणूस म्हणजे देवच! जे याला करायचंय ते त्याने करून दाखवलेलं.

कुडाळहून मालवण साधारण तीस किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू लगडलेले, आंब्याची कलमं, लाल माती. घर चिवला बीचपासून पाच मिनिटांवर. अंगणात माड, माडाखाली विहीर, विहिरीशेजारी रूममेटचे बाबा. यांना सगळे तात्या म्हणतात.

"इलात? बसा वायंच. पेज गरम आसा."

नवऱ्याने घड्याळ बघितलं. साडेनऊ. "तात्या, किल्ल्याची पहिली बोट..."

"किल्लो पळान जाता काय? साडेतीनशे वर्सां थंयच आसा."

झालं! शीटमधली पहिली ओळ तिथेच खलास. उकड्या तांदळाची पेज, सोबत खोबऱ्याची चटणी आणि भाजलेला सुका बांगडा. वर ओल्या काजूंची उसळ. मार्चअखेर असल्याने झाडावरचे काजू. ते सोलून सोलून काकींची बोटं काळी पडली होती. चिकाने साल निघते हो हाताची! मुंबईत हीच उसळ हॉटेलात मागवताना आपण उजव्या बाजूची किंमत बघून तोंड वाकडं करतो. आता नाही करणार.

पेजेनंतर नवरा ओटीवर जरा आडवा झाला आणि थेट अडीचला उठला. सहा महिन्यांत मी त्याला सलग चार तास झोपलेलं बघितलं नव्हतं.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव

तीनच्या बोटीने आम्ही चौघं सिंधुदुर्गावर गेलो. तात्या आले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "बावी बघून येवा." बाव म्हणजे विहीर.

जेट्टीवरून दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. किल्ला दिसत असतो, पण दरवाजा काही दिसत नाही. बोट अगदी जवळ जाईपर्यंत तो दोन बुरुजांच्या वळणात लपून बसलेला. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचा पाया घातला गेला २५ नोव्हेंबर १६६४ला, त्याआधी पूजा झाली ती किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत काम उभं राहिलं. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तटावर चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आहेत. आजही काही कुटुंबं किल्ल्यात राहतात.

पण आम्हाला होमवर्क मिळालं होतं बावींचं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि मधोमध या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! रूममेट म्हणाली, "शाळेची ट्रिप दर वर्षी इथेच. ओंजळीने प्यायचो." नवरा कठड्यावर वाकून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने फोटो काढला आणि, लग्नाच्या चार वर्षांत पहिल्यांदाच असेल, तो कुठेही अपलोड न करता मोबाइल खिशात टाकला.

परतताना बोटीतून राजकोटावरचा पुतळा दिसला. इथला आधीचा पुतळा डिसेंबर २०२३मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४मध्ये कोसळला, हे तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. आताचा २०२५मधला. रात्री जेवताना त्याचा विषय निघाला तर तात्यांनी नेमकं एकच वाक्य टाकलं. "म्हाराजांनी आधी पाणी बघल्यानी, मगे दगड." आणि बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ चोखत बसले. (तिरफळ चावायचं नाही. चोखायचं आणि ताटाच्या कडेला ठेवायचं. मी चावलं. पंधरा मिनिटं जीभ बधिर!)

जाळ्यात काय गावलं?

रविवारी पहाटे काकींनी हाक मारली. "रापण लागली!" आम्ही चपला न घालताच चिवल्यावर पळालो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते अर्धगोल टाकत जाते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि मग दोन रांगांत माणसं उभी राहून दोर ओढतात. म्हातारे, पोरं, बायका, रिकामटेकडे टुरिस्ट, सगळे. आम्हीही लागलो. जिमला दोन हजार रुपये महिना भरणाऱ्या माझ्या नवऱ्याची दहाव्या मिनिटाला दमछाक झाली, आणि त्याच्या पुढचे सत्तरीचे आजोबा बिडी ओठात धरून आरामात ओढत होते.

दोर हळूहळू येतो. म्हणजे फारच हळू. तासभर आम्ही ओढतोय आणि जाळ्याचा पत्ता नाही. मला वाटलं, एवढं वजन आहे म्हणजे मासळीचा डोंगर येणार. मोबाइल काढून रील शूट करायला तयारच होते मी.

जाळं वर आलं. थोडे पेडवे, पाचपन्नास बांगडे, दोन-चार चिमुकल्या कुर्ल्या, ढीगभर जेलीफिश आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. बस्स. साठेक माणसं, तासभर मेहनत, आणि एवढंच.

कुणी काहीच बोललं नाही. ना शिवी, ना हळहळ. आजोबा म्हणाले, "आज दर्यो रुसलो," आणि जाळ्यातलं प्लॅस्टिक वेचायला लागले. तात्यांनी नंतर घरी येताना सांगितलं, की पूर्वी रापणीला टोपल्या कमी पडायच्या. मग मोठ्या यांत्रिक होड्या आल्या, पर्ससीन जाळी आली, रात्री एलईडीचे दिवे लावून मासळी गोळा करणं आलं. किनाऱ्यापर्यंत येईल ते उरलेलं. पर्ससीनवर फेब्रुवारी २०१६मध्ये सरकारने निर्बंध घातले, पण पारंपरिक मच्छीमारांचं भांडण काही मिटलेलं नाही.

निघताना आजोबांनी चार बांगडे माडाच्या झावळीत गुंडाळून माझ्यापुढे धरले. मी मागे सरकले. एवढ्याशा मासळीत आम्ही कुठे वाटा घ्यायचा?

"घेवा. वढलात ना तुमी? मगे वाटो तुमचो."

मी घेतले. रील काही केलं नाही.

पी फॉर प्लॉट

अकरा वाजता आम्ही डोंबिवलीकरच्या जुन्या व्हॅनमधून निघालो. तात्याही पुढच्या सीटवर येऊन बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि 'नको' म्हणायची कुणाची टाप नव्हती.

साइट मालवणपासून अर्ध्या-पाऊण तासावर, एका खाडीकाठी. खोटं कशाला बोलू, जागा बघून माझाही जीव गेला! उतरणीवर चार माड, समोर खाडीचं हिरवं पाणी, पलीकडे वाळूचा पट्टा, वर घार. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या साखरपुड्यानंतर बघितलं नव्हतं. एजंट गॉगल लावून आधीच हजर होता. "सर, इथे डेक, इथे पूल, इथे बेडरूमची काच. सकाळी डोळे उघडले की डायरेक्ट व्ह्यू." अकरा गुंठे. शेजारच्या तीन पार्ट्या पुण्याच्या, म्हणजे 'कंपनी पण चांगली'.

रूममेटने सातबारा मागितला. तिने तो वाचला आणि मला दिला. सतरा नावं! आजोबा, त्यांचे भाऊ, भावांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली. निम्मे मुंबईत. शिवाय जमीन अजून शेतीची, आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा मुळात शेतकरी हवा, नाहीतर कलेक्टरची परवानगी हवी. माझा नवरा तीन पिढ्यांचा ठाणेकर. त्याच्या नावावर तुळशीची कुंडीसुद्धा नाही, ती माझ्या नावावर आहे. खाडीला लागून बांधायचं तर सीआरझेडचे नियम आलेच. एजंटचं या सगळ्यावर एकच उत्तर, "ते आपण ॲडजस्ट करू, सर."

नवरा ऐकत होता, पण त्याची नजर खाडीवर. मला कळत होतं, कागदाने तो हलणार नाही. कागद तर आपण रोजच ॲडजस्ट करतो.

तेवढ्यात तात्या कुठेसे गायब झाले होते ते आले. मागून शेजारच्या घरातल्या एक आजी. आजींच्या हातात कळशी आणि दोर.

"बाव थंय आसा," तात्या म्हणाले. प्लॉटच्या कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीमागे, जुनी दगडी विहीर होती. एजंट घाईने म्हणाला, "हो, वॉटर सोर्स आहेच ना सर, ब्रोशरमध्ये आहे." तात्यांनी कळशी सोडली, ओढली, आणि नवऱ्यापुढे धरली.

"जमीन घे मगे. आधी पाणी पिवन बघ."

त्याने ओंजळ भरून घेतली. पाणी स्वच्छ, थंडगार, अगदी जाहिरातीतल्यासारखं. मोठा घोट घेतला. आणि त्याचा चेहरा असा काही झाला, की आजींना हसू आवरेना! मीही एक घोट घेतला. खारट. समुद्रासारखं कडू-खारट नाही, पण आमटीत मीठ दोनदा पडल्यावर लागते तसं.

"होळी झाली की पाणी खारा," आजी म्हणाल्या. "मगे वरच्या वाडीतसून हाडूचा लागता." त्या रोज दोन खेपा करतात, वय वर्षं सत्तरच्या पुढे. खाडीकाठी हे नवीन नाही. उन्हाळ्यात गोडं पाणी खाली गेलं की खारं आत सरकतं. जितका जास्त उपसा, तितकं जास्त खारं. 'सी-टच'चा हाही एक अर्थ! डेक, पूल आणि तीन पुणेकर पार्ट्यांचे तीन पंप लागल्यावर आजींच्या विहिरीचं काय होणार, हे मी विचारलं नाही. एजंट म्हणाला, "आरओ बसवा, सर."

व्हॅनमध्ये बसताना तात्या म्हणाले, मालवण हे नाव 'महालवण' यावरून आलं असं म्हणतात. गावाच्या नावातच मीठ. ज्याला इथे राहायचं, त्याने आधी पाणी शोधायचं.

समुद्र फ्री

टोकन दिलं नाही. घरी येऊन झावळीतले बांगडे तळले, वडे-सागोती झाली, सोलकढीचे तीन-तीन ग्लास झाले. नवरा मात्र गप्प होता.

रात्री आम्ही चौघं चिवल्यावर जाऊन बसलो. नवऱ्याने शेवटी डोंबिवलीकरला विचारलंच. "तू कसं जमवलंस रे?"

तो हसला. "जमवलं कुठे? पहिल्याच पावसाळ्यात वीज गेली, कॉल चुकला, क्लायंट गेला. डोंबिवलीत लोकलला शिव्या घालायचो, इथे लोकलची स्वप्नं पडायची. नाटक बघायचं म्हटलं तर जत्रेतल्या दशावताराची वाट बघायची. मी समुद्रासाठी नाही आलो बाबा. हिच्या आईचे गुडघे गेले होते, घरात कुणीतरी लागत होतं, म्हणून आलो. समुद्र फ्री मिळाला."

मग ते दोघं उठून गेले. मुद्दामच गेले असणार. आम्ही दोघंच उरलो. भरती चढत होती.

"मला प्लॉट नको होता बहुतेक," नवरा म्हणाला. "मला झोप हवी होती." थोड्या वेळाने म्हणाला, "तू एकदाही विचारलं नाहीस, रात्री दोनला काय बघतोस ते."

मी म्हणणार होते, 'तूही सांगितलं नाहीस.' ते खरंही होतं. पण खरं सांगायचं तर मी विचारलं नव्हतं कारण मला उत्तराची भीती वाटत होती. माझी डेडलाइन, माझे अडकलेले चेक, माझं शहर. तो 'सगळं सोडू' म्हणाला असता तर त्या 'सगळ्या'त मी कुठे होते? तीन लाटा येऊन गेल्यावर मी हे त्याला सांगितलं. मग आम्ही खूप वेळ भांडलो. हळू आवाजात, पण नीट, एकमेकांकडे बघून. असं भांडण आम्ही ठाण्यात केलंच नव्हतं. तिथे कुणालातरी नेहमी कॉल असतो.

सोमवारी काहीही केलं नाही. पेज, झोप, बाजारात जाऊन अर्धा किलो खाजं. संध्याकाळी निघताना काकींनी वड्यांचं पीठ दिलं आणि तात्यांनी आमची बाटली अंगणातल्या विहिरीतून भरून दिली. गोड पाणी.

आता पुढचं ऐका. नवऱ्याने नोकरी सोडलेली नाही. टीम बदलून मागितली आहे, उत्तर यायचंय. एजंटचा नंबर अजून त्याच्या मोबाइलमध्ये आहे, मला माहीत आहे. पण रात्री दोनला उजेड दिसला की मी आता विचारते. एकदा 'प्लॉट' असंच उत्तर आलं. मी म्हटलं, "पाणी कसंय?" तो म्हणाला, "ब्रोशरमध्ये नाहीये." आणि मोबाइल ठेवून दिला.

नारळी पौर्णिमेला परत चाललोय. मालवणात त्या दिवशी दर्याला नारळ अर्पण करतात आणि बाजारात नारळ लढवायची धमाल असते. एक्सेल शीट केलेली नाही.

जाणार असाल तर...

कसं जाल: कोकण रेल्वेने कुडाळ. कोकणकन्या, तुतारी इथे थांबतात. पुढे एसटी किंवा रिक्षा. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झाला, पण विमान आहे का हे आधी तपासा.

कधी जाल: ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी बंद. जून-जुलैमध्ये मासेमारीही बंद, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका.

काय खाल: पेज, घावणे-चटणी, कोंबडी-वडे, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सोलकढी. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूंची उसळ. येताना खाजं.

काय बघाल: सिंधुदुर्ग, मोरयाचा धोंडा, मेढ्यातलं जयगणेश मंदिर, रॉक गार्डन, तारकर्ली, आणि देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम. सगळं एका ट्रिपमध्ये उरकायलाच हवं असं नाही.

रापण दिसली तर: नुसते फोटो काढू नका. दोराला हात लावा.

आणि प्लॉट बघणार असाल तर: होळीनंतर जा. तहान लागलेली असू द्या.